गादीवर बसवलेले अप्पा

अप्पांच्या पाठीवरची जखम उमापूरला झाली नव्हती. ती वडवणीला झाली, आमच्या कापडाच्या दुकानात, पांढऱ्या चादरीच्या गादीवर. माझ्या हातानं झाली. एवढं सांगायला मला अडीच वर्षं लागली, आणि तोपर्यंत त्या जखमेचा ठपका माझी थोरली बहीण वागवत होती. अक्कावर तो ठपका मीच ठेवला होता. खरं तर तसं कुणाला मुद्दाम सांगायलाही मी गेलो नव्हतो. एकानं विचारलं, मी हो म्हणालो, बास.

अप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही लिंगायत वाणी, दोन पिढ्यांपासून कापडाचा धंदा. दुकानात शिरलं की समोर गादी, तिच्यावर परीटघडीची चादर, मागे लोड, आणि लोडाला टेकून अप्पा. मांडीशेजारी मोजायचा लोखंडी गज. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं बाजाराच्या दिवशी यायची ती दुकानात नव्हे, अप्पांच्या गादीवर. लग्नाचा बस्ता बांधायचा तर अप्पांनी पहिलं कापड हातानं उलगडलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट असायचा. मी बत्तीस वर्षांचा झालो तरी त्या गादीच्या कडेलाच बसत होतो.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला अप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोलायला फक्त ‘हां’ उरलं. हो म्हणायचं तरी हां, नको म्हणायचं तरी हां, आणि नुसतं कण्हायचं तरी तेच. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. मी दुकान आणि दवाखाना असा एसटीनं ये-जा करत होतो. तिथं राहिली ती अक्का. तिथल्या एका नर्सबाईंनी तिला सगळं शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही. अंगाखाली ओल ठेवायची नाही. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली उशी घालून अधांतरी ठेवायच्या. आणि माणसाला वर सरकवायचं तर ओढायचं नाही, अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचलायचं. अक्का सातवी शिकलेली, पण तिनं हे असं धरलं की शेजारच्या खाटेवरच्या बायका तिलाच विचारायला लागल्या.

दवाखान्यातून सोडलं तेव्हा माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली होती आणि दुकानात लग्नसराई. अक्का म्हणाली, “मी नेते उमापूरला. तू धंदा बघ.” मी हो म्हणालो, आणि मनातून सुटलो.

उमापूरला दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, पुढची खोली रिकामी करून दिली आणि स्वतःचं अंथरूण ओसरीवर टाकलं. त्यांच्या घरात टोल्याचं जुनं घड्याळ होतं. अक्काची सासू त्याच्याखाली बसायची आणि टोले मोजायची. दहा पडले की हाक मारायची, “अगं, दहा झाले. तुज्या अप्पाची कूस.” म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण एक टोला चुकला नाही. अक्का आणि दाजी चादरीची टोकं धरायचे आणि अप्पांना अलगद फिरवायचे. मी मधे एकदा गेलतो तर दाजी हसत म्हणाले, “बघा, आमच्या घड्याळाला लगीन झाल्यापासून पयल्यांदा काम लागलंय.”

दोन महिने तिथं सगळं नीट चाललं होतं. बिघडवलं मी.

स्टँडसमोरच्या हॉटेलात एकदा मी चहा पीत होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, “अप्पाला लेकीच्या दारात नेऊन टाकलंय म्हनं.”

“मग काय बे. पोरगं एकलंच मालक झालं आता.”

आमच्यात जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायला मागेपुढे बघायची. तिथं दोन महिने बाप ठेवायचा म्हणजे लेक नालायक ठरला. चहा तसाच ठेवून मी उठलो. शिवाय त्याच दिवसांत आमच्या समोरच्या ओळीत तयार कपड्यांचं एक नवं दुकान निघालं होतं. पुढं काच, काचेत पँट-शर्ट घातलेले पुतळे. गिऱ्हाईक उभ्या उभ्या घ्यायचं आणि जायचं. तिथं गादी नव्हती, कुणी बसत नव्हतं. पोरं त्या काचेपुढं घोळक्यानं उभी राहायची. माझ्या मनानं घेतलं की आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. अप्पा गादीवर दिसले पाहिजेत. दिसले की माणसं येतील आणि स्टँडवरची तोंडंही बंद होतील.

बायको बाळ घेऊन परत आली त्या आठवड्यात मी जीप घेऊन उमापूरला गेलो. अक्का नको म्हणत होती. “अजून महिना राहू दे. कंबर धरू दे त्यांची.” मी ऐकलं नाही. मग तिनं चार उशा बांधून दिल्या, वहीचा एक कागद दिला. त्यावर तिच्या मोठ्या मोठ्या अक्षरात वेळा लिहिलेल्या होत्या. सहा, डावी कूस. आठ, पाठ. दहा, उजवी. खाली एक ओळ: बसवायचं तर अर्धा घंटा, जास्ती न्हाई. जीपमधे ठेवायच्या आधी तिनं अप्पांना कुशीवर केलं, सदरा वर केला, धोतर खाली सरकवलं आणि मला म्हणाली, “ये. बघून घे.”

मी संकोचानं लांबच उभा होतो.

“बघ नीट. नंतर म्हनू नको.”

मी पाहिलं. माकडहाडावरची कातडी कोरी होती. ओरखडासुद्धा नव्हता. बाळाच्या पाठीसारखी, पावडर लावलेली. हे मला आजही लखलखीत आठवतं, आणि त्यामुळेच पुढं जे झालं त्याला विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही.

तो कागद मी घडी करून दुकानाच्या खणात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा झाल्यावर अप्पांना आम्ही दोघा-तिघांनी उचलून गादीवर आणलं. लोडाला टेकवलं, दोन्हीकडून तक्के लावले, डोक्यावर टोपी ठेवली, मांडीशेजारी गज ठेवला. पहिला तास माणसांची रीघ लागली. जुनी गिऱ्हाइकं पायरीशी चपला काढून आत आली, पायाला हात लावला. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी जिंकल्यासारखा सगळ्यांकडे बघत होतो.

त्या दिवशी अप्पा सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत बसले. पुढं पुढं संध्याकाळपर्यंत. ज्याची एक बाजू गेली आहे तो माणूस लोडाला टेकून राहत नाही. तो हळूहळू खाली घसरतो. पाठ वाकते, हनुवटी छातीला लागते, सगळा भार शेपटाच्या हाडावर येतो. गिऱ्हाईक मोकळं झालं की मी मागून जायचो, अप्पांच्या दोन्ही काखांत हात घालायचो आणि मागे ओढायचो. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. अंग वर यायचं, कातडी खालच्या चादरीला चिकटून मागं राहायची. हे मला नंतर कळलं. तेव्हा अप्पा ‘हां’ म्हणायचे आणि मी बायकोला आवाज द्यायचो, “अप्पांना चहा पाहिजे.”

एक धनगर गिऱ्हाईक होतं आमचं. मेंढरं घेऊन फिरणारा, साठीकडे झुकलेला, अप्पांकडून तीस वर्षं फेटे घेतलेला. तो बाजाराच्या दिवशी पायरीवर बसून बराच वेळ अप्पांकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, “मालक, किती घंटे झाले यांना बसवून?”

“सकाळपासून. कावून?”

“आमच्याकडं म्हैस बसली ना, उठंना झाली की, आमी तिला दोन-दोन घंट्याला फिरवून देतो. खाली कडब्याचा भुगा घालतो. न्हाई फिरवलं तर खालची बाजू सडती. मग जनावर जातं.”

मी रागानं लाल झालो. दुकानात दोन बायका चोळीचे खण बघत होत्या, त्या हसल्या असं मला वाटलं. “अप्पा काय म्हैस हायत का?” मी म्हणालो. “तुला फेटा घ्यायचा तर घे, न्हाईतर बाजार कर जा.”

तो रागावला नाही. “आंग सारखंच असतं की मालक,” एवढं म्हणाला आणि उठला. अप्पांनी त्याच्याकडे बघून ‘हां’ म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मी तेही ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यांची आंघोळ मीच घालायचो. सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे त्यांची पाठ रोज बघणारा घरात मी एकटाच होतो. पंधराएक दिवसांनी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. मी बोट दाबून पाहिलं, डाग तसाच लाल राहिला. मी तेल कोमट केलं, त्यात कापूर टाकला आणि ती जागा रोज चोळ चोळ चोळली. रक्त फिरेल असं वाटलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून बीडहून हवा भरायची रबराची चकती आणली आणि अप्पांना तिच्यावर बसवायला लागलो. मधली जागा अधांतरी राहते, म्हणजे भार पडत नाही, असा माझा हिशोब. आपण शास्त्रशुद्ध काम करतोय असं मला वाटत होतं. चकतीची कड त्यांच्या अंगात रुतायची, मधल्या भागाला रक्त पोचायचं नाही, हे कोण सांगणार? जी सांगणार होती तिचा कागद खणात होता आणि उमापूरला फोन करायला मला कमीपणा वाटत होता. एसटीडीचं दुकान आमच्या दुकानापासून पन्नास पावलांवर होतं.

डागाचा फोड झाला. फोड फुटला. मग त्यावर काळी, टणक खपली धरली आणि मी सुटकेचा श्वास सोडला. खपली धरली म्हणजे भरतंय.

आठवड्यानं बायकोनं गादीची चादर धुवायला काढली आणि माझ्यापुढं आणून धरली. “ह्ये पिवळं कसलं? अन् वास बघा.”

“चहा सांडला असंल.”

“चहाचा असा वास येतो का?” ती म्हणाली. “मला हात लावता येत न्हाई, मी काय बघू? तुमी बघता का न्हाई नीट?”

गावातल्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी अप्पांना कुशीवर केलं, चिमट्यानं ती खपली टोचली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ही खपली न्हाई. मेलेली कातडी आहे.” त्यांनी ती कापून काढली. खाली लिंबू बसेल एवढा खड्डा होता. तळाशी पांढरं काहीतरी दिसत होतं.

“तेल चोळलं का काय?”

“हो.”

“लाल झालेली जागा चोळत नसतात. आतलं सगळं तुटतं.” मग पट्टी करता करता त्यांनी विचारलं, “मधे उमापूरला होते ना? दोन महिने पडूनच असतील तिथं. तिकडूनच सुरू झालं का हे?”

त्यांनी मला उत्तर तयार करून दिलं होतं. दारात कंपाउंडर उभा होता, शेजारचे दोघं आले होते, बायको उंबऱ्याच्या आत उभी होती. मी म्हणालो, “हो, तिकडंच.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

पुढं मला काहीच करावं लागलं नाही. कंपाउंडरनं हॉटेलात सांगितलं, शेजाऱ्यांनी पावण्यांत सांगितलं. बघायला येणारा प्रत्येक माणूस ते घेऊनच येऊ लागला. “लेकीकडं नेलं तिथंच वाटोळं झालं म्हनं.” मी पाणी पुढं करायचो. हो म्हणायचो नाही, नाही म्हणायचो नाही.

अक्का तिसऱ्या दिवशी आली. आपल्या दोन्ही पोरी सासूवर टाकून आली. आल्या आल्या हातपाय धुतले, अप्पांना कुशीवर केलं, पट्टी सोडली आणि बघत बसली. खूप वेळ. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, “ती गादी उचल हितनं. कापूस दगड झालाय तिचा.”

मग आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांचं मी काय सांगू? जखम मोठी व्हायला पाच आठवडे लागले आणि ती बोटभर भरायला एक आख्खा हंगाम. दिवसातून दोनदा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवायची, ओली पट्टी आत भरायची, झाकायची. दर दोन तासांनी कूस. डावीकडे तिरपं, उजवीकडे तिरपं, पाठीवर अजिबात नाही. दुकानातला मांजरपाट फाडून अक्कानं उचलायच्या चादरी केल्या. मी त्यांचं एक टोक धरायचो, ती दुसरं. दुपारी वीज जायची, पंखा बंद, माशा यायच्या, मच्छरदाणी लावली की अप्पा घामानं निथळायचे, निथळले की ओल, ओल आली की अक्का पुन्हा सगळं बदलायची. आज जरा भरल्यासारखी दिसते म्हणावं, तर दोन दिवसांनी कडेनं परत काळं. एकदा जुलाब लागले आणि महिन्याची कमाई एका दिवसात धुऊन गेली. दाण्याचा कूट, मूग, दूध, जे सांगितलं ते सगळं चमच्यानं भरवायचं, अर्धं ओठांतून बाहेर. माझा राग कुणावर काढावा कळायचं नाही. मी उशीवर काढायचो, वीजवाल्यांवर काढायचो, एकदा अप्पांवरच ओरडलो, “जरा आंग हलकं सोडा की.” अप्पा ‘हां’ म्हणाले. अक्का म्हणाली, “त्यांना येत असतं तर त्यांनी सोडलं नसतं व्हय?”

आणि बघायला येणारी माणसं. त्यांना अप्पा आडवे बघवायचे नाहीत. “बसवा की जरा. बसलं की माणूस बरा दिसतो.” अक्का दारातच सांगायची, “बसायचं तर तुमी बसा. अप्पा आडवेच भेटतील.” काही जण रागावून गेले. ते धनगर गिऱ्हाईक मात्र एकदा धुऊन पिंजलेली कोकराची लोकर फडक्यात बांधून घेऊन आलं. मी काही बोलायच्या आत अक्कानं ती घेतली आणि अप्पांच्या घोट्यांखाली घालायला दोन मऊ गिरद्या शिवल्या. तो जाताना मी त्याला पायरीपर्यंत पोचवायला गेलो. “चुकलो,” असं म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “पुढच्या बाजारी या.”

त्याच दिवसांत आत्या आली, अप्पांची धाकटी बहीण. अक्का पट्टी करत होती, मी ताट धरून उभा. आत्या खाटेच्या पायथ्याशी बसली, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, “बाई, तुज्याकडं असतानाच चिघळलं म्हनं ह्ये. तवाच बघितलं असतं तर.”

अक्काचा हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आत्याकडे नाही, माझ्याकडे. मी ताटाकडे बघत होतो. ताटात कापूस, पट्टी, चिमटा. मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. खोलीत आम्ही तिघं आणि अप्पा.

“चिमटा दे,” अक्का म्हणाली.

मी चिमटा दिला.

ती त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. तिनं भांडण केलं असतं तर मी भांडलो असतो, काहीतरी खोटं अजून बोललो असतो आणि ते सहन झालं असतं. ती रोज वेळेवर चादरीचं टोक धरायची आणि म्हणायची, “धर. एक, दोन, उचल.” दाजींना हे एका लग्नात कळलं, पंगतीत बसलेल्या कुणीतरी तोंडावर विचारलं, “सासऱ्याला उपाशी ठेवलं का काय हो?” त्यानंतर दाजी अक्काला भेटायला यायचे ते आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं पिंपळाखाली सायकल लावून उभे राहायचे, निरोप पाठवायचे. मी एकदा बोलवायला गेलो तर म्हणाले, “नको शेठ. तुमच्या घरात आमच्यामुळं आनखी कुनाला जखम व्हायची.”

आठव्या महिन्यात जखम मिटली. सुपारीएवढा गुलाबी, चकचकीत व्रण राहिला. डॉक्टर म्हणाले, एवढी खोल जखम घरी भरलेली त्यांनी फार थोड्या वेळा पाहिली आहे. मला म्हणाले, “चांगली काळजी घेतली तुमी.” अक्का तेव्हा मागे भांडी उकळत होती. मी म्हणायला हवं होतं, तिनं घेतली. मी हसलो.

ती उमापूरला गेली. जाताना तिनं नवीन कागद लिहून खाटेच्या वर भिंतीला खिळ्यानं ठोकला. या वेळी मी तो पाळला. बायकोनंही रीत बाजूला ठेवली आणि चादरीचं दुसरं टोक धरायला लागली. “लई झाली तुमची रीत,” म्हणाली. अप्पा त्यापुढं पावणेदोन वर्षं जगले आणि त्यांच्या पाठीवर एक डाग पडला नाही. गेले ते थंडीत, छातीत कफ भरून, तीन दिवसांत.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. गेल्यावर आंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीशी पाटावर मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात, दर्शनाला माणसं येतात. अप्पांना तसं बसवलं. सगळे जमले होते. आत्या, पावणे, गल्ली, दाजीसुद्धा अंगणात आले होते, खांबाला टेकून उभे. फुलांचे हार पडत होते आणि अप्पा हळूहळू खाली घसरायला लागले. हनुवटी छातीला लागली. मी सवयीनं मागे गेलो, दोन्ही काखांत हात घातले आणि ओढलं.

“ओढू नको रे,” अक्का म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. “उचल.”

आत्या म्हणाली, “आता त्यांना काय होतंय गं.”

अक्कानं ऐकलं नाही. तिनं स्वतःच्या खांद्यावरची शाल अप्पांच्या अंगाखाली सारली, एक टोक मला दिलं. “एक, दोन.” आम्ही उचललं. अप्पा सरळ बसले. मी त्यांच्या पाठीशी गुडघ्यावर होतो, आणि माझ्या हाताखाली, कापडातून, ती व्रणाची जागा होती. एवढी माणसं समोर होती. तिथंसुद्धा मी बोललो नाही. वेळ ती नव्हे असं मनाला सांगितलं. मला वेळ कधीच सापडली नव्हती, खरं तर.

महिन्याभरानं मी दुकानाचा खण आवरत होतो. तळाशी तो पहिला कागद निघाला. घडी अजून नवी होती. ‘बसवायचं तर अर्धा घंटा, जास्ती न्हाई.’ मी दुकान बंद केलं. भर बाजाराचा दिवस होता.

आधी डॉक्टरांकडे गेलो आणि कंपाउंडरसमोर सांगितलं. ते म्हणाले, “अहो, आता काय त्याचं.” मग आत्याकडे गेलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गेलेल्या माणसाचं आता कावून उकरतोस?” दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून उमापूर.

दाजी ओसरीवर दोरी वळत होते. “या शेठ. वाट चुकलात जनू.”

म्हातारी घड्याळाखालीच बसलेली होती. “कोन हाय?” तिनं विचारलं. मी नाव न सांगता म्हणालो, “अक्काचा भाऊ.”

“च्या ठेव गं,” तिनं आत आवाज दिला.

“चहा नको, आधी बोलू द्या,” मी म्हणालो आणि खाली, फरशीवर बसलो. अक्का दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे. मी म्हातारीकडे बघून सांगितलं. अप्पांना जखम इथं झाली नाही. इथून नेले तेव्हा पाठ स्वच्छ होती. मी गादीवर दिवस दिवस बसवलं, ओढलं, चोळलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुमचं नाव पुढं केलं आणि अडीच वर्षं तसंच राहू दिलं.

दाजींच्या हातातली दोरी उलगडून खाली पडली. म्हातारी म्हणाली, “मी एक टोला चुकवला न्हवता. मला वाटायचं, मीच कुटं चुकले का काय. डोळ्यानं दिसत न्हाई, कानानं बी दगा दिला का काय.”

हे मला माहीत नव्हतं. त्या म्हातारीनं एवढे दिवस स्वतःलाच दोष दिला होता.

“न्हाई आजी,” मी म्हणालो. “तुमचा एकबी चुकला न्हाई.”

दाजींनी विचारलं, “हे हितं सांगून काय व्हनार? आत्याला सांगितलं?”

“काल सांगितलं. डाक्टरलाबी.”

“अन् लोकांना?”

“जो विचारंल त्याला सांगीन. जो न्हाई विचारनार त्यालाबी.”

दाजींनी दोरी उचलली, पुन्हा वळायला लागले. अक्का आत वळली होती. मी उठून तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती परातीसमोर बसली होती, पण पीठ मळत नव्हती. मी खिशातून तो कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं तो बघितला, हात लावला नाही.

“अक्का,” मी म्हणालो, “जीपपाशी तू मला अप्पांची पाठ दाखवली होतीस. कोरी होती. मी बघितली होती. तरी मी तुझं नाव सांगितलं. चिमटा मागितलास तेव्हाबी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर.”